आर्विड लाहतीची दुपारपाळी

फोन आला तेव्हा आर्विड लाहती पलंग आणि चाकाची खुर्ची यांच्या मधोमध झोळीत लोंबकळत होता. त्याची मदतनीस बर्नीस हिने एका हाताने उचलयंत्राचा दांडा धरला आणि दुसऱ्या हाताने फोन त्याच्या कानाला लावला. जिल्ह्याच्या आपत्कालीन फोन-केंद्राचे प्रमुख बोलत होते. चाचणीत त्याचा शांत आवाज त्यांना पसंत पडला होता. दुपारपाळी, सोमवारपासून. येणार का?

आर्विडने शुक्रवारपर्यंत मुदत मागितली.

"शुक्रवारी काय होणारेय?" त्याला खुर्चीत उतरवत बर्नीसने विचारलं.

"नाही म्हणायला धीर येईल."

एकोणतिसाव्या वर्षी, लाकूडतोडीवर असताना, त्याच्या अंगावर झाड पडलं होतं. मान मोडली. तेव्हापासून कोपरं वाकत, पण बोटं मिटत नसत आणि छातीखालचं काहीच त्याचं उरलं नव्हतं. बर्नीस सकाळ-संध्याकाळ येई म्हणून तो पलंगातून उठे. आणि बर्नीसचा पगार राज्याच्या आरोग्य-कार्डातून निघे. आठ वर्षांपूर्वी टायरच्या दुकानात फोन घ्यायचं काम त्याने हौसेने धरलं होतं. चौथ्या महिन्यात, कमावतोस म्हणून कार्ड बंद झालं आणि मदतीला येणारं माणूसही. बहिणीने जमेल तेवढं केलं, पण पडून पडून पाठीला जखमा झाल्या आणि तीन महिने दवाखान्यात गेले. त्यानंतर चालून आलेल्या तीन नोकऱ्या त्याने नाकारल्या. गाव त्याला आळशी म्हणे. तो म्हणू देई.

बर्नीसने त्याला न विचारताच फिलिस राउटिओला गाठलं. ही अंध बाई अपंगांच्या केंद्रात सल्ला देई आणि सगळे नियम तिला तोंडपाठ होते. कामाला लागलेल्या अपंगांसाठी आता वेगळी सोय आहे, दरमहा थोडा हप्ता भरला की कार्ड चालू राहतं, असं तिने फोनवर सांगितलं.

"गोड बोलून मागेही फसवलंय मला," आर्विड म्हणाला.

"मी स्वतः त्याच कार्डावर आहे," फिलिस म्हणाली. "आणि आत्ता तुमच्याशी कामावरूनच बोलतेय."

शुक्रवार उजाडायची वाट न बघता त्याने होकार कळवला.

सोमवारी त्याने बर्नीसला आपल्या अंगावरचे तीन शर्ट बदलायला लावले. चौथ्याला ती म्हणाली की आता लग्नाला निघाल्यासारखा दिसतोस, पुरे. तळहाताला पट्ट्याने बांधलेल्या काडीने तो कळफलकाच्या कळा दाबू लागला, पहिल्या आठवड्यात चाचपडत, दुसऱ्यात सफाईने. घरी येताना अपंगांच्या बसचा चालक त्याला रोज आजचा दिवस कसा गेला असं विचारी, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असे.

तिसऱ्या आठवड्यात आरोग्य-कार्डाच्या कचेरीचं पत्र आलं. उत्पन्न मर्यादेबाहेर, महिनाअखेर कार्ड बंद. बर्नीसने ते दोनदा वाचलं आणि फिलिसला फोन लावला. कचेरीत कोणीतरी त्याचं नाव जुन्याच यादीत ठेवलं होतं. आजच हरकत नोंदवू, निकालापर्यंत कार्ड चालू राहील, असं फिलिसने सांगितलं. तुम्ही मात्र कामावर जा.

पाठीवरच्या त्या जुन्या जखमा आठवत तो गेला.

चार वाजता एका बाईचा फोन आला. नाव मार्ज टर्व्हो. नवरा केन घरामागे पडलेल्या झाडाच्या फांद्या तोडत होता, खोड गडगडून त्याला लागलं होतं. तो आता खोडाशेजारी पडला होता, शुद्धीवर होता, मान दुखते म्हणत होता. आर्विडने पत्ता विचारून रुग्णवाहिका रवाना केली. बाई धापा टाकत म्हणाली की तिने त्याच्या काखेत हात घातलेत, त्याला घरात ओढून नेते, गारठलाय तो.

"मार्ज, ओढायचं नाही. हात काढा."

"तुम्हाला काय कळतंय तिथे बसून?"

"माझ्यावर पडलं होतं झाड. मित्रांनी मायेनेच ओढलं मला. तेव्हापासून चाकांवर आहे."

"काढले," मार्ज म्हणाली. मग त्याने तिला फोन जमिनीवर ठेवायला, डोक्यामागे गुडघे टेकायला आणि केनचं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरायला सांगितलं. त्याआधी आपला कोट त्याच्यावर टाका, मान जराही हलू देऊ नका. एकोणीस मिनिटं तो तिच्याशी बोलत राहिला. कुत्र्याचं नाव विचारलं, लग्न कुठे झालं ते विचारलं. मग रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. फोन ठेवला तेव्हा त्याच्या शर्टाची कॉलर घामाने भिजली होती आणि सबंध खोली त्याच्याकडे पाहत होती. त्याला हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं.

हरकतीचा निकाल नऊ दिवसांनी आला. कार्ड चालू. पत्र वाचता वाचता बर्नीसचा आवाज चिरकला, मग सर्दी झालीय म्हणत ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

उन्हाळ्यात केन टर्व्हो फोन-केंद्रावर आला. मानेला पट्टा होता. मणक्याला चीर गेली होती, पण ती सरकली नव्हती, असं त्याने सांगितलं. टोपी हातात घेऊन तो उभा राहिला, हात पुढे करावा की नाही त्याला कळेना. आर्विडने आपलं मनगट पुढे केलं. केनने ते दोन्ही हातांनी धरलं. मार्जने भाजलेल्या पावाची पिशवी टेबलावर ठेवून तो निघाला.

बाहेरचा पॅसेज लांब होता. आर्विडने मनगटाने हेडफोन एका कानावरून मागे सारला आणि टोकाचं दार बंद होईपर्यंत केनची दूर जाणारी पावलं ऐकली.