दाराकडची भिंत

“यंदा काकवी सढळ हाताने घातलीस, एडना,” बीन्सची दुसरी थाळी पुढे करत ड्वाइट म्हणाला.

“दरवर्षी तेवढीच घालते. तुझी जीभ म्हातारी झाली.”

तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, “लोर्नाचं घर कधी येतंय?”

“रस्त्यावरचा चिखल वाळला की. तोवर गाडी टेकडी चढायची नाही.”

“अस्सं,” म्हणून तो हॉलिसकडे गेला. हॉलिसने शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवून त्याची जागा धरून ठेवली होती. मार्चमधल्या गावसभेला ते दोघे नेहमी शेजारीशेजारी बसत, जेवणाआधी आणि जेवणानंतरही.

हॉलिस माझा नवरा. धंद्याने गवंडी. गावातली बरीचशी धुराडी त्याच्या हातची आहेत. पूर्वी तोही चारचौघांसारखा कराच्या नावाने बोटं मोडायचा आणि गप्प बसायचा. मग शहरातली नोकरी सोडून ड्वाइट इथे राहायला आला. आमच्या टेकडीसमोर त्याने घर बांधलं आणि हॉलिसच्या कुरकुरीला तत्त्वज्ञान पुरवलं. हिवाळाभर आमच्या स्टोव्हपाशी बसून दोघांचा खल चाले. सरकारची कामं दोनच. चोराला धरायचं आणि शब्द मोडणाऱ्याला जाब विचारायचा. बाकीचं माणसं आपसांत बघून घेतील.

ड्वाइट ते छान बोलायचा. हॉलिस मात्र तसा वागला. परांचीवरून पडून तो अंथरुणाला खिळला तेव्हा सरकारी मदत मिळत होती. त्याने ती घेतली नाही. घेतली नाही म्हणजे काय, तर मी खानावळीत भांडी घासली. कुणा म्हाताऱ्याचं धुराडं ढासळलं की हा फुकट बांधून द्यायचा. म्हणायचा, सरकारने करू नये म्हणतो, मग कुणीतरी करायला नको का? एकदा गावच्या वाचनालयाला छप्पर घालायचा ठराव आला. ते वाचनालय मी चालवते. तरी हा ड्वाइटबरोबर विरोधात उभा राहिला. त्या आठवड्यात मी घरी चूल पेटवली नाही. दोघांनी ड्वाइटकडे अंडी उकडून खाल्ली.

जेवणानंतर घरबांधणीच्या नियमांचा ठराव आला. हा ठराव अधूनमधून डोकं वर काढायचा. एका जमिनीवर एकच घर आणि चाकांवर आणलेलं घर अजिबात नाही. दरवेळी ड्वाइट उठून त्याच्या चिंधड्या करायचा. आमची मुलगी लोर्ना नवऱ्यापासून वेगळी होऊन दोन मुलांसह आमच्या माडीवर राहते. आमच्या टेकडीवर तिच्यासाठी असंच चाकांवरचं जुनं पत्र्याचं घर आणून ठेवायचं ठरलं होतं. मुलांनी आपापल्या खोल्याही वाटून घेतल्या होत्या.

“अध्यक्षबाई,” म्हणत ड्वाइट उठला. हॉलिस हाताची घडी घालून आरामात मागे रेलला.

“आजवर मी या ठरावाच्या विरोधात बोललो. आज बाजूने बोलणार आहे.”

हॉलिसला वाटलं, हा गंमत करतोय. तो हसलासुद्धा.

“तत्त्व तेच आहे,” ड्वाइट पुढे म्हणाला. “दुसऱ्याचं नुकसान होत नसेल तोवर माणसाने आपल्या जमिनीवर काय वाटेल ते करावं. पण माझ्या समोर पत्र्याचं खोकं उभं राहिलं तर माझ्या घराची किंमत उतरते. हे नुकसानच आहे. आणि नुकसान थांबवणं सरकारचं काम आहे.”

मागच्या रांगेत लोर्ना मांडीवरच्या पोराचे बूट बांधत होती. तिचे हात थांबले.

आमच्या सभेत एकमेकांशी थेट बोलायचं नसतं. जे काही असेल ते अध्यक्षांना उद्देशून. एरवी त्यामुळे भांडणं टळतात. हॉलिस उठला आणि कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ उभ्या असलेल्या माणसाशी अध्यक्ष मिसेस ऑगडेन यांच्याकडे बघत बोलू लागला.

“अध्यक्षबाई, ड्वाइटला विचारा, ती टेकडी कुणाची?”

“तुमची आहे, हॉलिस,” त्याच म्हणाल्या.

“मग तिच्याकडे बघायचा हक्क त्याने कुणाकडून विकत घेतला?”

दोघंतिघं हसली. ड्वाइटचे कान लाल झाले. “अध्यक्षबाई, हॉलिसला सांगा, यात वैयक्तिक काही नाही.”

“त्याला सांगा,” हॉलिसचा आवाज फाटला, “ज्या खिडकीतून तो बघतो ना, ती मी बसवलीय. परवानगी न काढता. त्याच्याच सांगण्यावरून.”

तो खाली बसला. मला इतका राग आला होता की बीन्सच्या रिकाम्या भांड्यात मी उगाच डाव फिरवत राहिले. दोन वेळा वाढलं होतं मी ड्वाइटला. लोर्नाचं घर कधी येणार तेही मीच सांगितलं होतं, हसत हसत.

मिसेस ऑगडेननी हातोडा आपटला. ठरावाच्या बाजूच्यांनी स्टोव्हकडच्या भिंतीशी उभं राहायचं आणि विरोधातल्यांनी दाराकडच्या. दाराच्या फटीतून बोचरा वारा येतो, त्यामुळे तिकडे गर्दी तशीही कमीच असते. हॉलिस टोपी घेऊन तिकडे गेला. स्टोव्हकडे बघता बघता दाटी झाली. मोजायचीसुद्धा गरज नव्हती.

आणि ड्वाइट दाराकडे निघाला.

मुद्दाम नव्हे. इतकी वर्षं पायांना तीच वाट ठाऊक. अर्ध्यावर आला तेव्हा कुणीतरी ओरडलं, “ड्वाइट, तिकडे कुठे? इकडे ये की!” सगळं सभागृह हसलं. तो दचकून वळला आणि मान खाली घालून स्टोव्हकडच्या गर्दीत शिरला.

हॉलिस हसला नाही. ड्वाइट येतोय असं बघून तो भिंतीला घासत जरा बाजूला सरकला होता.

मी डाव ठेवला आणि जाऊन हॉलिसशेजारी उभी राहिले. लोर्ना आली, दोन्ही मुलं घेऊन. आम्ही सगळे त्याच्या डाव्या हाताला दाटीवाटीने उभे होतो. उजव्या हाताला एका माणसापुरती जागा होती. मोजणी होईपर्यंत त्याने ती तशीच मोकळी ठेवली.