चौथ्या दिवसाची घागर

ज्या वर्षी उस्मानाबादेपासून विभक्त होऊन लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच वर्षी चतुराबाईच्या देहानेही कोणाची अनुमती न घेता आपला निराळा कारभार आरंभला. जिल्ह्याच्या वेळी निदान पताका लागल्या, पेढे वाटले गेले आणि तिचे यजमान रामकिशन यांना नव्या कचेरीत शिपायाची जागा मिळाली. चतुराबाईच्या बाबतीत असा कोणताही समारंभ झाला नाही. वयाच्या चौतिसाव्या वर्षी तिचा मासिक धर्म प्रथम अडखळला, नंतर लांबला, आणि अखेर एखाद्या पाहुण्याने चहा न घेता उठून जावे तसा निघून गेला.

पहिले दोन महिने ती प्रथेप्रमाणे कडेला बसली नाही, तेव्हा तिच्या सासूबाई साखराबाई यांच्या मुद्रेवर अवर्णनीय प्रसन्नता उमटली. लग्नाला इतकी वर्षे लोटूनही सुनेची कूस रिकामी होती. त्या माउलीने मनाशी काय ते ताडले आणि बाजारातून चिंचा व कवठे आणली. चतुराबाईने त्या चिंचा मिटक्या मारीत खाल्ल्या, कारण चिंच तिला मुळातच प्रिय होती. परंतु चिंच संपल्यावर तिच्या ध्यानी आले की, आता पोट दिसावे लागेल. आणि पोट काही चिंचेने येत नाही.

खरे सांगावे, तर संकट दुसरेच होते. देगलूरला साखराबाईंच्या भावाची कन्या सरजा नवऱ्याने टाकल्यामुळे माहेरी बसून होती. "हिची कूस उजवली तर बरंच हाय, न्हाईतर आपली सरजा हायच की," हे वाक्य साखराबाई ज्वारी निवडता निवडता, जणू खडाच बाजूला काढीत आहेत अशा सहजतेने उच्चारीत. जोवर विटाळ तोवर आशा, असा त्यांचा हिशेब. सुनेचा विटाळ कायमचा संपला हे त्यांना कळले, तर देगलूरच्या गाडीतून सवत उतरायला किती अवकाश?

म्हणून चतुराबाईने असत्याचा आश्रय घेतला. एके सकाळी ती परसातल्या पत्र्याच्या आडोशाला गोणपाट टाकून बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, मला शिवू नका." साखराबाईंचा चेहरा पडला, पण आशा शाबूत राहिली. तेव्हापासून दर महिन्याला हा प्रयोग होऊ लागला. चतुराबाई पोट धरून कण्हे, साखराबाई लांबून ओव्याचे पाणी सरकवीत. पुढे पुढे ते तीन दिवस तिला आवडूसुद्धा लागले. चूल नाही, भांडी नाही, आयते ताट. "नाटक मंडळीत गेले असते, तर आतापावेतो नाव झाले असते," असे ती मनाशी म्हणे आणि पदरात तोंड लपवून हसे.

ज्यांच्या घरात ते भाड्याने राहत, त्या गौरम्मा लिंगायत होत्या. त्यांना या बसण्याचे मोठे नवल वाटे. "अय्यो! आमच्या गळ्यात लिंग हाय, आमाला इटाळ न्हाई. तू कशाला गोणपाटावर बसून राहिलीस?" असे त्या विचारीत. चतुराबाई खाली मान घाली. जो विटाळ गौरम्मांना मान्य नव्हता आणि जो तिच्याकडे शिल्लक नव्हता, त्याचा सांभाळ मात्र ती एकटी इमानाने करीत होती.

देह मात्र नाटकात सामील होईना. भर थंडीत छातीपासून मस्तकापर्यंत अकस्मात वाफ उसळे, चेहरा लालबुंद होई, आणि ज्वारी पाखडण्याचे सूप घेऊन ती स्वतःलाच वारा घालत बसे. लातूरच्या उन्हाने भागले नाही म्हणून देवाने आपल्या अंगात आणखी एक चूल मांडली, अशी तिने स्वतःची समजूत काढली. झोप उडाली. गुडघे कुरकुरू लागले. स्मरणशक्तीने तर कहरच केला; वरणात मीठ घालण्याचे ती वरचेवर विसरू लागली. ते वरण साखराबाई तोंड वाकडे करून, पण बोलल्यावाचून गिळीत.

अशात दुष्काळ आला. विहिरींनी तळ दाखवला, नळ कोरडे पडले, टँकर दिवसाआड येऊ लागला. घराच्या वाट्याला चार घागरी. आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाल्यावाचून चतुराबाईला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता येत नसे. ती नांदेडजवळच्या विष्णुपुरीची, गोदावरीच्या पाण्यात लहानाची मोठी झालेली. तिच्या माहेरी पाण्याला कोणी मोजीत नसे. इथे तिच्या खोट्या विटाळाच्या खऱ्या अंघोळीसाठी साखराबाई स्वतः दोन दिवस तोंड धुण्याचे पाणी वाचवून घागर भरून ठेवीत. ती घागर डोक्यावर ओतताना चतुराबाईला वाटे की, चोराने निदान चोरलेली वस्तू वापरावी तरी. आपण ती मोरीत वाहू देत आहोत. अंगणातली तुळस वाळली, त्या दिवशी तिने तुळशीकडे पाठ करून केस पुसले.

पण लबाडीलासुद्धा स्मरणशक्ती लागते. पौर्णिमेला आपण बसलो होतो हे ती साफ विसरली आणि त्याच महिन्याच्या अमावास्येला पुन्हा गोणपाट टाकून बसली! साखराबाई दचकल्या.

"अगं, पुन्यांदा? आताच तर न्हाली होतीस!"

चतुराबाईने घाईने पोट धरले. "हाव... लवकर आली जनू."

"जनू काय? ह्यो रोग हाय, पोरी. अंगावरून जाऊन राहिलं तुला. उठू नकोस. पानी मी आनते."

एवढे बोलून त्या वृद्धेने कमरेला पदर खोचला आणि घागर उचलली. चतुराबाईने आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली होती, ती तिला पचत असत. ही माया मात्र पचेना.

टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. आडोशाच्या फटीतून तिला सर्व दिसत होते.

"साखराक्का, सून कुटं?" गौरम्मांनी विचारले.

"बसलीय बाई. लई अशक्त झालीय लेकरू. नव्या दवाखान्यात न्यावं म्हनते."

लेकरू! साखराबाईंनी हा शब्द आजवर फक्त सरजासाठी वापरला होता. तेवढ्यात गर्दीत रेटारेटी झाली. भरली घागर कमरेवर घेतलेल्या साखराबाईंचा तोल गेला. चतुराबाईला विटाळ, सोंग, कशाचेही भान उरले नाही. ती गोणपाटावरून उठून धावली आणि तिने घागरीला दोन्ही हात घातले. संबंध लातुरात त्या दिवशी चिखल म्हणून जो काय होता, तो त्या टँकरच्या नळाखाली होता, आणि तिचा पाय नेमका तिथेच पडला. ती पडली. घागर मात्र तिने सरळ ठेवली. खाली सापडलेले मनगट वाळलेल्या तुराटीसारखे कडकन वाजले.

साखराबाईंनी प्रथम घागर पाहिली, मग सून पाहिली, आणि मग त्यांना आठवले.

"अगं ए सटवे, शिवलीस की! बाटवलंस पानी!" असे ओरडून त्यांनी घागर उचलली आणि ओतण्यासाठी तिरकी केली. मागे टँकरच्या नळाची धार बारीक होत चालली होती. दुसरी घागर मिळण्याचा संभव नव्हता. चतुराबाईच्या डोळ्यांपुढे देगलूरची गाडी उभी राहिली, आणि त्या गाडीच्या पुढ्यात ती तिरकी घागर.

"सांडू नका, आत्याबाई! पानी बाटलं न्हाई! मी बाहेरची न्हाईच! वरीस झालं, मला येतच न्हाई!"

घागरी घेऊन उभ्या बायका वळून पाहू लागल्या. जिल्हा झाल्याची दवंडीसुद्धा इतक्या खणखणीत आवाजात झाली नसेल, असे चतुराबाईला त्या वेदनेतही वाटले. बोलल्या त्या एकट्या गौरम्मा. "मग गाळून घ्या की पानी. हुबं काय राहिलात? आन् पोरीला उचला."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मनगट बांधता बांधता सर्व विचारून घेतले. साखराबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"कमी वयात पाळी थांबली की हाडं लवकर ठिसूळ होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगात वाफा येणं, झोप उडणं, विसरायला होणं, सगळं त्याचंच. लाज कसली? दूध, तीळ खायचे, गोळ्या घ्यायच्या. आणि इथं यायचं, लपवायचं नाही."

"आन् लेकरू?" साखराबाईंनी विचारले.

डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. चतुराबाईने हसू आणण्याचा यत्न केला. तो तिला प्रथमच साधला नाही.

सायंकाळी रामकिशन खाकी कपड्यानिशी घरी आले. साखराबाईंनी दारातच सर्व वृत्तांत कथन केला आणि शेवटी त्या म्हणाल्या, "दर महिन्याला डोक्यावरून पानी, रामकिशन! माजी तुळस जळाली रे!"

रामकिशन यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि प्लॅस्टरमधल्या हाताकडे पाहिले. "माय, सरजाचं मनात आनू नको. सरकारी मानसाला दुसरी बायको चालत न्हाई. साहेब घरी बसवतील."

इतक्या वर्षांच्या संसाराचे रक्षण अखेर नोकरीच्या नियमाने केले, याचे चतुराबाईला हसू आले. परंतु दुष्काळात सावली बाभळीची आहे की वडाची, हे कोण पाहते? तिने ती पदरात बांधून घेतली.

"चार घागरीत तिसरी बाई कुटं बसवू मी?" साखराबाई तुटकपणे म्हणाल्या. "पाऊस पडू दे. मग बघू."

या वाक्याने चतुराबाईची विलक्षण कोंडी झाली. सिद्धेश्वराच्या देवळात पावसासाठी भजन बसले होते. सारा जिल्हा एकमुखाने पाऊस मागत होता, आणि त्यात ती एकटी बाई अशी होती की जिने पाऊस मागावा तरी पंचाईत, न मागावा तरी पंचाईत. साखराबाईंनी तिला सोबत नेले. टाळ वाजत होते. बायकांनी हात जोडले. चतुराबाईचा एक हात गळ्यात बांधलेला, म्हणून तिने उरलेला एकच हात छातीशी धरला.

साखराबाईंनी डोळा उघडून पाहिले. "एका हातानं काय मागून राहिलीस?"

"अर्धा पाऊस, आत्याबाई."

साखराबाईंचे खांदे हलू लागले. देवळात हसू नये म्हणून त्यांनी पदर तोंडात धरला. बऱ्याच वेळाने तो काढून त्या कुजबुजल्या, "पुरा माग, येडे. सरजाला मी कवाच नको म्हनून निरोप धाडला."

"कशापायी?"

"तिच्या हातचं वरन लई खारट असतंय. तुजं अळनी असतंय. अळन्यात वरून मीठ घालता येतंय की."