कंट्रोलच्या नळीतलं कुलूप

कंट्रोलच्या नळीनेही कुलूप दाखवलं आणि तंत्रज्ञ बाईने आकडे पुन्हा तपासले.

तपासणी बरोबर चाललीय का, ते पडताळायची ही नळी, धडधाकट माणसाच्या रक्ताची. तिच्यात तपासायचं जनुक उघडंच असतं. ते बंद दिसतंय म्हणजे तपासणीच धडधडीत खोटं बोलतेय.

शेजारची नळी एका पेशंटच्या मेंदूतल्या गाठीची. औषधाने गाठीत केलेली मोडतोड हे जनुक दुरुस्त करत बसतं. त्याच्यावर मिथाइल नावाच्या चिमुकल्या रेणूंचं कुलूप असलं, की दुरुस्ती बंद आणि औषध लागू. जनुक तेच, त्याची अक्षरंही तीच. सगळा खेळ कुलपाचा. पण तपासणीचं रसायन पुरतं मुरलं नाही, तर उघडं जनुकही बंद दिसतं. आणि सोळा तास मुरायच्या नळ्या तेराव्या तासालाच तिने काढल्या होत्या. घाई साहेबांची, हात तिचे.

"झाला का रिपोर्ट?" साहेब दारात. लॅब त्यांना पाठीमागे ‘अर्जंट’ म्हणायची.

"सर, कंट्रोल नापास झालाय. पुन्हा लावावं लागेल."

"कंट्रोल काय पेशंट आहे? दे वगळून. बाहेर पेशंटची बहीण ताटकळलीये. आज औषध ठरतंय."

"जनुक उघडं असलं तर त्या औषधाने तो नुसता ओकत बसेल, सर."

"असलं तर! गाठीचा तुकडा किती उरलाय?"

"एका वेळेपुरता."

"तोही घालव वाया. मग चूक कुणाची, ते मी कळवतो वर."

तिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मेला इतका बिनधास्त धमकावत होता.

"तुम्ही कशाला तसदी घेता? मीच लिहिते," ती म्हणाली, हातातला निकालाचा कागद टराटरा फाडला आणि बाहेर गेली.

बहीण धडपडत उठली. "चांगलं आहे ना, ताई?"

"माहीत नाही अजून. माझ्याकडून चूक झाली. उद्या दुपारी खरं सांगते."

"चूक? माझा भाऊ तिकडे मरतोय आणि तुम्ही चुका करताय?"

"हो," ती म्हणाली आणि लॅबमध्ये परतली.

तिने उरलेला तुकडा लावला. पूर्ण सोळा तास. साहेब सकाळी दोनदा डोकावले, तेव्हा ती यंत्रासमोर खुर्ची टाकून बसली होती.

दुपारी कंट्रोल उघडा निघाला. मग तिने शेजारची नळी पाहिली.

उघडी.

तिने निकाल लिहिला, खाली आपली चूक लिहिली, सही ठोकली. बाहेर बहीण कालच्याच बाकावर होती. ती तिच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "ते औषध नको. डॉक्टरांना आत्ताच दुसरं विचारा. चला, मी येते सोबत."