झाकणाच्या आतली खूण

घड्याळजी फायलीची गाठ सोडवत होता आणि ती सुटेपर्यंत सगळे वाट बघत होते. मदतीला कोणी हात पुढे केला नाही. त्याला ते खपत नसे.

तीन वर्षं अर्ज करून, दवाखान्याच्या पायऱ्यांवर ठिय्या देऊन गटाने आपापल्या उपचारांच्या या फायली मिळवल्या होत्या. मनाच्या औषधांनी ज्यांचं होत्याचं नव्हतं केलं, अशी ही माणसं दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमत. नियम एकच: आपली फाईल घरी एकट्याने वाचायची नाही, इथे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. पहिली फाईल मिळाली ती गटातल्याच एका परिचारिकेला. तिने ती एकटीने वाचली, आणि पुढच्या रविवारी तिच्याऐवजी तिच्या मरणाची बातमी आली. तिची खुर्ची अजून मांडतात.

घड्याळजीची बायको नेहमीसारखी शेजारी होती. त्याच्या सदऱ्याची बटणं अकरा वर्षं तीच लावत होती. हात थरथरू लागले आणि दुकानाला कुलूप लागलं. डॉक्टर पाठीवर थाप मारून म्हणायचे, "मनाचे खेळ आहेत हो, मन घट्ट करा." त्याने जमेल तेवढं केलं. तरी हात थांबेनात, तेव्हा आपणच नालायक, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. दोनदा त्याचं जगण्यावरून मन उडालं. दोन्ही वेळा गटातली माणसं घरात ठाण मांडून बसली, म्हणून तो आज इथे होता.

"वाचा," बाई म्हणाल्या. या निवृत्त शिक्षिकेनेच गट उभा केला होता.

तो वाचू लागला. झोप, भूक, वजन. मधेच थांबून हसला.

"आम्ही दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या झाकणाला आतून बारीक खूण करतो. पुढच्या कारागिरासाठी. मालकाला ती कधी दिसत नाही. डॉक्टरांच्या घड्याळात माझ्या चार खुणा आहेत."

"मग?" बाई म्हणाल्या.

"त्यांनीही केलीय." त्याने ओळीवर बोट टेकवलं. "हातास कंप. औषधामुळे. रुग्णास सांगितलेले नाही, सांगितल्यास औषध सोडेल."

तारीख उपचारांच्या पहिल्याच वर्षाची होती. मागून कोणीतरी शिवी हासडली. घड्याळजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं तो स्वतःलाच दोष देत आला होता.

खाली आणखी एक ओळ होती, ती त्याने मनातच वाचली. नातेवाइकास कल्पना दिली आहे. शेजारी सही. मुलीच्या प्रगतिपुस्तकांवर त्याने ती कितीतरी वेळा पाहिली होती.

बायको फरशीकडे बघत होती.

"तुम्ही गोळ्या सोडल्या असत्या," ती पुटपुटली. "मग पुन्हा घरातून निघून गेला असतात, तर कुठे शोधलं असतं मी तुम्हाला?"

"झालं का वाचून?" बाईंनी विचारलं.

त्याने फाईल बायकोच्या मांडीवर ठेवली.

"एक ओळ राहिलीय. ती हिला वाचू द्या."

मग तो स्वतःच गळ्याचं बटण काढू लागला. बोटं घसरत होती. सवयीने तिचा हात पुढे आला, तशी त्याने मान मागे घेतली.