जी उरली ती

"तोंड लावलं आणि परत फिरलं," ओट्याखालून तो म्हणाला.

"कोण परत फिरलं?" आचाऱ्याने वाकून विचारलं.

"झुरळ. औषध चाखलं आणि मागे सरलं."

हॉस्पिटलच्या कँटीनमधली सकाळची गर्दी ओसरली होती. सिंकखालच्या कपाटात डोकं आणि एक हात घालून तो फरशीवर आडवा पडला होता. बॅटरीच्या काचेवर त्याने लाल कागद चिकटवला होता. लाल उजेड झुरळांना दिसत नाही, हे तो या धंद्यात आला त्याच वर्षी शिकला होता. बिजागरीजवळ त्याने लावलेला औषधाचा थेंब होता, गव्हाच्या दाण्याएवढा, तपकिरी, गोड. एके काळी अशा थेंबावर झुरळं तुटून पडायची. आता एकेक येत होतं, मिशा हलवत होतं, तोंड टेकवत होतं आणि कडू औषध पाजलेल्या पोरासारखं झटक्यात मागे होत होतं. एकाने तर पुढच्या पायांनी तोंड पुसलं.

"काका, तुमच्या औषधाने मेलेलं झुरळ मी दोन महिन्यांत पाहिलेलं नाही," आचारी म्हणाला. "उलट बाळसं धरलंय त्यांनी."

"दुसरं आणतो."

"माझ्या स्वयंपाकाला नाकं मुरडणारे पुष्कळ पाहिले. औषधाला नाकं मुरडणारी झुरळं पहिल्यांदाच बघतोय."

ही हसायची जागा होती, हे त्याला बॅगेची चेन लावताना कळलं. अलीकडे असंच व्हायचं. गोष्टी त्याच्यापर्यंत उशिरा पोचायच्या, आणि पोचल्या तरी दारात नुसत्या उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत.

सव्वीस वर्षं तो लोकांच्या ओट्यांखाली, फ्रिजमागे आणि माळ्यांवर वावरला होता. लोक त्याला झुरळवाले काका म्हणत. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, त्यालाही त्याचं काही नव्हतं. बायको त्याला चिडवायची, "लग्नाच्या वेळी 'मुलगा औषधांच्या कंपनीत आहे' म्हणाले होते. कुणाची औषधं, ते सांगितलंच नाही." ती जाऊन सात महिने झाले होते. त्याआधी चौदा महिने ती अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. त्याने कंपनीकडून फक्त सकाळची कामं मागून घेतली. तेवढा वेळ एक बाई येऊन बसायची. बाकी दिवस आणि सगळी रात्र तो एकटा तिचं करायचा.

ती गेली त्या दिवशी मुलगी दाराची चौकट धरून रडली. तो मात्र शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या कुणाच्या किती, ते विचारत फिरत होता. चौथ्या दिवशी तो कामावर गेला. मुलीचा फोन आला तेव्हा तो कुठल्याशा बेकरीच्या भट्टीमागे होता.

"आईला जाऊन चार दिवस नाही झाले आणि तुम्ही झुरळं मारायला गेलात? माणूस आहात की दगड?"

त्याने यावर खरोखर विचार केला होता. दगड हे जास्त जवळचं वाटलं होतं. तेव्हापासून मुलगी घरी आली नव्हती. दर रविवारी फोन करायची. "जेवलात?" "हो." "बरं." एवढ्यावर फोन संपायचा. गेल्या रविवारी मात्र ती आणखी एक वाक्य बोलली. "पुढच्या रविवारी येते. आईचं कपाट आवरायला हवं."

औषध चालत नाही म्हणून त्याने ऑफिसात सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, "चालत नाही म्हणजे? तुम्ही नीट लावत नसाल." मग जरा वेळाने म्हणाले, "विज्ञानाच्या कॉलेजातून एका मॅडमचा फोन आला होता. जिथे औषध चालत नाही तिथली झुरळं पाहिजेत त्यांना, जिवंत. बाकीचे नाही म्हणतात. तुम्ही जाता का?"

"जातो," तो म्हणाला. जिवंत झुरळं त्याच्याकडून याआधी कुणी मागितली नव्हती.

झुरळं वर चढून बाहेर येऊ नयेत म्हणून बरणीच्या तोंडाला आतून तूप फासून त्याने कँटीनमधली चाळीसेक धरली. गुरुवारी तो कॉलेजात गेला. मॅडम त्याच्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल. केसांत पेन्सिल खोचलेली. तिने बरणी अशी घेतली, जशी माणसं लोणच्याची घेतात.

"बसा काका. पाच मिनिटं थांबा, गंमत दाखवते."

तिने एका काचेच्या बशीत दोन थेंब ठेवले. एक नुसत्या पाण्याचा, एक निळ्या रंगाच्या साखरपाण्याचा. आधी तिच्याकडची, औषध कधी न चाखलेली झुरळं सोडली. ती सरळ निळ्या थेंबावर गेली आणि पोटं निळी होईपर्यंत प्यायली. मग त्याने आणलेली सोडली. ती निळ्याला तोंड लावून दचकली आणि पाण्यावर गेली.

"शिकली म्हणायची," तो म्हणाला. "शहाणी झाली."

"नाही काका. एकसुद्धा शहाणं झालेलं नाही." ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. "कधीतरी हजारांत एखादं असं जन्माला आलं असेल, ज्याला ही साखर कडू लागते. एरवी ते उपाशीच मेलं असतं. पण तुमचं औषध याच साखरेने गोड. ज्यांना गोड आवडायचं ती खाऊन मेली. ज्याला कडू लागायचं ते उरलं. त्याची पिल्लं उरली. आता सगळी तीच आहेत."

"हे ठरवलं कुणी?"

"कुणीच नाही." मग ती जराशी हसली. "तसं म्हटलं तर तुम्हीच. इतकी वर्षं."

तो बशीकडे बघत राहिला. निळ्या पोटाचं एक झुरळ काचेला पाय लावून उभं होतं.

"मग साखर गोड असते की नसते?" त्याने विचारलं.

मॅडमने केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. "साखर नुसती साखर असते काका. गोड आपली जीभ म्हणते. आपल्या पूर्वजांत ज्यांना फळं गोड लागली त्यांनी ती खाल्ली, ते जगले. आपण त्यांची पोरं."

"म्हणजे आपणही जी उरली ती."

"हो."

"मायेचं पण असंच?"

"असंच. ज्यांना पोराच्या रडण्याने काही होत नव्हतं त्यांची पोरं जगली नाहीत. ज्यांचा जीव तुटायचा त्यांची जगली."

"मग ती खरी असते, की नुसती उरलेली?"

हे त्याने कशासाठी विचारलं ते त्याचं त्यालाच समजलं नाही. मॅडम त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघत होती.

"कुठून आली ते मी सांगू शकते," ती म्हणाली. "खरी आहे का, ते सांगणं माझ्या हातात नाही. ते मलाही कुणी सांगितलेलं नाही."

तिने चहा मागवला. साखर किती, असं विचारल्यावर तो म्हणाला, "कितीही."

रविवारी मुलगी अकराच्या सुमारास आली. तिने चपला काढल्या, खिडक्या उघडल्या, ओटा पुसलेलाच होता तो पुन्हा पुसला. मग आतल्या खोलीत जाऊन आईचं कपाट उघडलं. कपड्यांचे तीन ढीग करायचे तिने ठरवलं होतं: द्यायचे, ठेवायचे, टाकायचे. तो दारात उभा होता.

"हा स्वेटर आठवतो?"

"हो."

"काय आठवतं?"

तो विचार करून म्हणाला, "राखाडी आहे."

"बाबा, राखाडी आहे ते मलाही दिसतंय!" तिने तो ढिगावर टाकला, मग पुन्हा उचलून मांडीवर घेतला. "एक विचारू? खरं सांगाल? तुम्हाला काही वाटतं का? आईबद्दल?"

खोटं सांगता आलं असतं. तिला तेच हवं होतं, हेही त्याला कळत होतं.

"नाही," तो म्हणाला. "वाट बघतोय. येत नाही."

मग त्याने गुरुवारची गोष्ट सांगायला घेतली. कँटीन, बरणी, निळी पोटं, मॅडम. त्याला ती नीट सांगता येत नव्हती. मधेच तुटत होती.

"आईचं चाललंय बाबा, आणि तुम्ही झुरळांवर?"

"ऐक तर. मला वाटलं, माझंही तसंच काही झालं असेल. तुझ्या आईचं करताना ते सगळं वाटत राहिलं असतं, तर मला करता आलं नसतं. पहिल्याच महिन्यात बसकण मारली असती. म्हणून ते बंद पडलं असेल. बंद पडलं म्हणून मी उरलो."

"आणि आता? आता कुणाचं करायचंय? आता का नाही उघडत?"

"हे मॅडमना विचारायचं राहिलं," तो म्हणाला.

मुलगी एकदम हसली, आणि हसता हसताच तिने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि पुढचा कप्पा ओढला.

जेवायला दोघं समोरासमोर बसली. तिने भात वाढला. तिच्या नवऱ्याची बदली व्हायची होती, त्याबद्दल ती सांगत होती. दोन वाजता तो हातातला घास तसाच ताटात ठेवून उठला, आतल्या खोलीत गेला. दोनेक मिनिटांनी परत आला, पुन्हा जेवू लागला. औषधबिषध घ्यायचं असेल, असं तिला वाटलं.

चार वाजता ती खाटेपलीकडे जमिनीवर बसून आईची कागदपत्रं लावत होती. तो आत आला. तिच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. खाटेच्या कडेवर त्याने एक गुडघा टेकला, वाकला आणि दोन्ही तळवे पुढे केले, एक वर, एक जरासा खाली. रिकाम्या गादीवरून ते आत सरकवले. तसाच थांबला. मग हात काढून घेतले, सरळ झाला, कमरेवर हात ठेवून क्षणभर भिंतीकडे बघितलं आणि जायला निघाला.

"बाबा," ती म्हणाली. "काय करताय?"

तो दचकला. "काही नाही. चार वाजले."

"चार वाजले म्हणजे?"

"डॉक्टर म्हणाले होते, दर दोन तासांनी कूस बदलायची. नाहीतर पाठीला जखमा होतात." तो दाराशी थांबला. "तिला एकही झाली नाही. शेवटी दुसरीच एक बाई तिला पुसायला आली होती, तिने विचारलं मला, हिला खरंच चौदा महिने झाले? पाठ अशी कोरी."

मुलीच्या हातातले कागद तसेच राहिले. "पण आता, बाबा?"

"आता काय. आता काही नाही. उठलं जातं."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा. गजर लागत नाही."

"तेव्हा वाईट वाटतं का? खाट रिकामी बघून?"

"नाही गं," तो जरा ओशाळून म्हणाला. "वाटत काही नाही. नुसतं उठलं जातं."

तो बाहेर जाऊन पेपर घेऊन बसला. मुलगी बराच वेळ आतच होती. पाचची बस होती, ती तिने जाऊ दिली. नवऱ्याला फोन करून सांगितलं, उद्या येईन. का ते सांगितलं नाही. मग दोघांसाठी चहा केला.

सहा वाजता तो पेपर बाजूला ठेवून उठला. ती त्याच्या मागोमाग आत आली आणि खाटेच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभी राहिली. तो वाकला. तीही वाकली. गादीवर आडवी घातलेली जाड चादर अजून तिथेच होती. तिच्या आधाराने तो बायकोला एकट्याने वळवायचा. मधल्या भागात ती झिजून पातळ झाली होती. दोघांचे हात चादरीवर होते. उचलायला काही नव्हतं.

"हे दोघांचं काम होतं बाबा," मुलगी म्हणाली.

"जमत होतं."

"मला बोलवायचं."



तिने आपल्या बाजूची दोन टोकं उचलली. "धरा," ती म्हणाली.

त्याने धरली. दोघांनी चादर खाटेवरून उचलली, ताणली, झटकली. खिडकीतून येणाऱ्या उजेडात बायकोच्या पाठीला लावायची पावडर थोडी उडाली आणि खाली बसली. मग त्यांनी ती मधोमध दुमडली, पुन्हा एकदा दुमडली आणि टोकाला टोक लावायला दोघं खाटेच्या पायथ्याशी एकमेकांसमोर आली. त्याने आपल्याकडची टोकं तिच्या हातांत दिली. तिने घडी छातीशी दाबून सारखी केली आणि ती घेऊन कपाटाकडे गेली.

त्याचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले.