बाबांसाठी स्टेबल

"अवो भाऊ, ह्ये काय लिवलंय?" शेजारच्या बायजामावशींनी दारातूनच कागद पुढे केला. "तितला सायेब म्हनतो, आजी, हा अर्ज कुटल्या देशाचा? सगले हासले. मी पन हासली, काय करनार!"

बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दिसत नाही. त्यांनी कागद चाचपला आणि माझ्याकडे दिला. लेकीला, आर्याला, कडेवर सावरत मी बघितलं. नळजोडणीच्या त्या अर्जात एकही मराठी अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, सगळी खिचडी. समास मात्र चोख.

बाबा बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायचे. काचबिंदूने डोळे गेले तेव्हा माझ्या नवऱ्याने, संकेतने, त्यांच्या संगणकात लिनक्स ही प्रणाली टाकली, टाइप केलेलं वाचून दाखवणारा आवाज बसवला. तेव्हापासून मनवेलपाड्यातल्या आमच्या गल्लीचे अर्ज बाबाच लिहितात.

"बाबा, काल आवाज येत होता का?"

"नव्हता."

"मग हाक नाही का मारायची?"

"तू पोरीला आंघोळ घालत होतीस. मावशी खोळंबल्या होत्या. म्हटलं, बोटांना पाठ आहे."

रविवारच्या अपडेटने आवाज घालवला होता, आणि कळफलकही मराठीवरून इंग्रजीवर गेला होता. बोटं चुकली नव्हती. त्यांच्याखालची अक्षरं बदलली होती.

संकेत कामावरून आला तसं मी त्याला सगळं सांगितलं.

"रोलिंग आहे ना, सतत नवं येत राहतं. होतं असं कधीतरी. दहा मिनिटांत नीट करतो."

"काढ ते. स्टेबल टाक, सारखं न बदलणारं."

"अगं, त्यात सगळं दोन-दोन वर्षं जुनं! बाबांचा नवा आवाज त्यात चालणार नाही. जुना ऐकलायस ना? पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा."

"बोलू दे. या घरात आपण खुर्ची वीतभर सरकवत नाही, बाबा अडखळतील म्हणून. आणि तू दर रविवारी त्यांचं अख्खं टेबल हलवतोस."

त्याने हौसेनेच केलं होतं सगळं. बोलून गेल्यावर माझंच मन खाऊ लागलं.

"बाबा, तुम्हीच सांगा," तो म्हणाला.

बाबा कळफलकावर हात ठेवून बसले होते. "तो नवा आवाज छान होता रे. गोष्ट ऐकताना वाटायचं, तुझी आईच वाचतेय." मग म्हणाले, "राहू दे. जुनंच टाक. रोज उठून कोण चाचपडणार!"

दुसऱ्या दिवशी डब्यातला आवाज एकेक शब्द उच्चारत राहिला आणि अर्ज पुरा झाला. छापून झाल्यावर बाबांनी कागद बायजामावशींना दिला नाही. माझ्यापुढे धरला.

"क्षितिजा, जरा नजर टाक."

मी अक्षर न् अक्षर वाचलं. "एकही चूक नाही, बाबा."

त्यांनी कागद परत घेतला नाही.

"पुन्हा एकदा बघ," ते म्हणाले.