मंदाकिनीची पाच वर्षं

माझी बायको विजू गेल्याचं मला डेपोत कळलं. स्वारगेटला मी बसगाड्यांच्या ब्रेकचं काम करतो. त्या दिवशी गाडीखाली होतो आणि फोन वर डब्याच्या पिशवीत होता. फोरमननी वाकून हाक मारली, "पायगुडे, बाहेर या. मुलीचा फोन आहे." बाहेर यायला त्यांनी हात दिला आणि मी उभा राहिल्यावरही तो सोडला नाही. तेव्हाच मला कळलं.

दोन वर्षं तिची किडनी धड नव्हती. सकाळी मी बिनमिठाचे पोहे करून दिले होते. एक घास खाऊन ती म्हणाली, "ह्याला पोहे म्हणतात का हो?" माझ्याशी बोललेलं ते शेवटचं.

आजारपणामुळे तिची नोकरी सुटली होती. इथे बिबवेवाडीतच औषधाच्या गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायचं काम होतं. तिथे तिची पाच वर्षं आणि वर काही महिने झाले होते. पेन्शनला दहा वर्षं लागतात. मी म्हणायचो, जाऊ दे, नाही भरली. ती म्हणायची, "भरली नाहीत कशी? माझी आधीची पाच आहेत की."

आधीची म्हणजे लग्नाच्या आधीची. सातारा रस्त्यावर मिक्सरला लागणारी बटणं जोडायचा एक छोटा कारखाना होता. चिमट्यानं बारीक स्प्रिंगा बसवायच्या. लग्न ठरलं तेव्हा तिनं ते काम सोडलं, पण तिथला फंड काढला नाही. मी पुष्कळदा सांगितलं, काढून टाक. ती म्हणायची, "राहू दे. ते माझं माहेर आहे." पुढे मला पेन्शनच्या ऑफिसात खिडकीवर समजलं की पैसे काढले असते तर ती वर्षंही गेली असती. हे तिला ठाऊक होतं असं नाही. तिला काढावंसं वाटलं नव्हतं, एवढंच.

दवाखान्यात सुई लावलेली असताना एकदा ती म्हणाली, "अहो, माझी दहा भरून घ्या. मी काम केलंय. पोरगी विचारेल, आई काय करत होती, तर सांगता आलं पाहिजे." मी हो म्हणालो.

दिवस झाल्यावर मी पेन्शनच्या ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या साहेबांनी तिच्या दोन्ही फंडांचे नंबर पाहिले आणि चष्मा वर केला.

"ह्या दोन बायका आहेत."

"एकच आहे साहेब. माहेरची मंदाकिनी, सासरची विजयमाला. लग्नात नाव बदललं."

"कशाला बदललं? बरं होतं की."

"थोरल्या वहिनीचं नावही मंदाकिनी. एका घरात दोन कशा ठेवणार? म्हणून आमच्या आईनं, सरुबाईनं, दुसरं ठेवलं."

"पुरावा?"

मी लग्नपत्रिका दिली. पत्रिकेत मंदाकिनी होती, कारण नाव लग्नाच्या दिवशी बदललं. मग त्यांनी आमचं जुनं रेशनकार्ड पाहिलं. भावाचं आणि माझं तेव्हा एकच कार्ड होतं. त्यात वहिनींचं नाव होतं. त्या घरीच असतात, असं मी सांगितलं.

"मंदाकिनी पायगुडे ह्या तर हयात आहेत म्हणता. मृत्यूचा दाखला विजयमालाबाईंचा. मी मंदाकिनीबाईंची वर्षं दुसऱ्या बाईंना कशी देऊ?"

"साहेब, ती वेगळी मंदाकिनी."

"तुम्हाला माहीत आहे हो. कागदाला माहीत नाही." मग जरा मऊ झाले. म्हणाले, कारखान्यात बरोबर काम केलेलं कोणी आणा, प्रतिज्ञापत्र करा, मालकांची सही मिळवा. मग जुन्या खात्यावरचं मंदाकिनी हे नाव बदलून विजयमाला करू, आणि वर्षं जोडली जातील. "दुपारी मात्र येऊ नका. आम्ही असतो, खिडकी नसते."

घरी हे सांगितलं तर वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग रडल्या. "माझ्या जिवंत असण्याची अडचण झाली म्हणायची, भावजी," म्हणाल्या. "तिला सांगितलं असतं तर पोट धरून हसली असती."

कारखान्यातली एकच व्यक्ती मला माहीत होती, हुस्नबानू. विजूच्या शेजारी बसायची. आमच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती नवऱ्याबरोबर सोलापूरला गेली आणि गाठीभेटी संपल्या. पण घरात तिचं नाव निघत राहायचं. भाजीत तिखट जास्त झालं की "हुस्नाला चाललं असतं" असं विजू म्हणायची. कारखान्याचा जुना वॉचमन भैरू आता त्याच गल्लीत चहा विकतो. त्यानं सांगितलं की हुस्नबानू परत आली आहे, कोंढव्यात मुलीकडे असते.

मी कोंढव्यात गेलो. मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार तिनंच उघडलं. पांढरे केस, हाताला पीठ.

"मी विजयमालाचा नवरा," मी म्हणालो.

"कोण विजयमाला? घर चुकलात भाऊ."

मी म्हणालो, "मंदा. बटणांच्या कारखान्यातली मंदा."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि एकदम ओरडली, "अगं बाई! दाजी! लग्नात एवढे बारीक होता, ओळखू कसे येणार? या, आत या. आणि ती कुठंय? खाली उभी आहे ना? तिची खोडच ती. पगार मागायचा असला तरी आधी मला पुढं करायची." मी काही बोलायच्या आत ती गॅलरीत गेली आणि कठड्यावरून वाकून खाली हाक मारली, "मंदे! ए मंदे! वर ये, जिना काही खात नाही तुला!"

खाली एक रिक्षावाला वर बघायला लागला. मी गॅलरीत गेलो आणि तिला सांगितलं.

तिनं कठडा सोडला. मग आत येऊन खाली फरशीवर बसली. "मला कोणी कळवलं नाही," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, आम्हाला पत्ता ठाऊक नव्हता. थोड्या वेळानं उठून तिनं चहा ठेवला. मी नको म्हणालो तर म्हणाली, "तुम्हाला नको असेल. मंदाच्या नवऱ्याला बिनचहाचं पाठवलं तर ती मला सोडेल का?"

चहा पिताना ती बोलत राहिली. रोज्यांच्या महिन्यात दुपारनंतर हुस्नबानूचे हात चालेनासे व्हायचे. मंदा स्वतःच्या ताटलीतल्या जोडलेल्या स्प्रिंगा तिच्या ताटलीत सरकवायची आणि सुपरवायझर आला की मोठ्यानं म्हणायची, "हुस्ना, किती भरभर करतेस गं, मला लाजवतेस." मला हे माहीत नव्हतं. विजू कामाला भरभर होती हे माहीत होतं, पण सुपरवायझरला असं बनवणारी मुलगी मला कधी दिसली नव्हती. आमच्याकडे आली तेव्हा ती विजयमाला होती आणि आईला घाबरायची.

मग मी काम सांगितलं. हुस्नबानूनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मंदाचं नाव खोडायचं आणि त्यासाठी मी सही करायची?"

"वर्षं जोडायची तर खाती एका नावाची लागतात."

"त्या विजयमालानं एक स्प्रिंग तरी बसवली होती का तिथं?" ती चिडून म्हणाली.

मी म्हणालो, "मलाही ते बरं वाटत नाही. पण दहा भरून घ्या असं तिनं मला सांगितलं होतं. दुसरी वाट मला दिसत नाही."

तिनं कपबश्या आत नेऊन ठेवल्या. हात धुऊन आली. "तिनं सांगितलं असेल तर झालं. हट्टी होती. पण मी जे लिहून देईन त्यात मंदाकिनी हिंदुराव कामठे असं पूर्ण लिहायचं. ती माझ्या शेजारी बसत होती असंही लिहायचं. लिहाल ना?"

दुसऱ्या दिवशी कोर्टाजवळ टाइप करणाऱ्याकडे आम्ही ते लिहून घेतलं. शेजारी बसण्याचं वाक्य कशाला, असं तो म्हणाला. हुस्नबानू म्हणाली, "टाइप तुम्ही करा, शेजारी मी बसत होते." त्यानं ते घातलं. तिनं उर्दूत सही केली आणि खाली मराठीतही केली.

कागद खिडकीवर दिला. साहेबांनी पूर्ण वाचला. ते वाक्य त्यांनी बहुधा दोनदा वाचलं आणि कागद फाइलला लावला. मालक वारले आहेत. त्यांचा मुलगा हिंजवडीत एका कंपनीत आहे. त्याची सही चालेल का ते साहेब वर विचारणार आहेत. मुलगा माझ्याशी फोनवर चांगलं बोलला, पण पुण्यात नव्हता. आल्यावर कळवतो म्हणाला.

घरी मुलीला मी बटणांच्या कारखान्याचं सांगितलं, ताटलीचंही सांगितलं. तिनं विचारलं, "मग आईची दहा झाली का?"

अजून नाही. मालकाच्या मुलाची सही झालेली नाही आणि मंदाकिनीची पाच वर्षं विजयमालाच्या वर्षांना जोडायची राहिली आहेत.